सात नंबरचे दांडे

८ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा पोचलं. आत निघालेल्या वस्तू अशा: लोकरीचे मोजे दोन जोड, एक बायकी, एक पुरुषी (पुरुषी कोणासाठी ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही), खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, आणि तुझ्या लेकीने, माझ्या भाचीने, स्वतः विणलेला टेबलक्लॉथ. टेबलक्लॉथ सुरेख आहे. टेबल आपल्याकडे नाही, म्हणून तो रेडिओवर घातला. आता खर्च. पार्सलावर तू तिकिटं कमी लावलीस, तेव्हा पोस्टमनने दारात उभं राहून राहिलेले पैसे आणि वर दंड माझ्याकडून वसूल केला. ही रक्कम हिशेबाच्या वहीत 'भेटवस्तू'खाली घालू की 'दंड'खाली, यावर माझी एक दुपार गेली. शेवटी 'भाऊ' असं नवीन सदर उघडलं.

दुसरी गोष्ट मात्र फुकट आली. डेपोचं पत्र. ते घेऊन वर्कशॉपमधली इंजिनीअर मुलगी स्वतः आली होती. केस कानापर्यंत, नखांत ग्रीस, आणि दारातूनच "काकू, आधी पाणी द्या" म्हणणारी. मला आवडली. तिने आणि तिच्या मेकॅनिकांनी मिळून शेडमागे गवतात पडलेली आपली सात नंबरची ट्रॉलीबस पुन्हा उभी केली आहे. रंग तोच, खाली हिरवा, वर सायीसारखा. पंधरा मार्चला, रविवारी सकाळी, ती एकदाच धावणार: डेपोपासून गिरणीच्या वळणापलीकडच्या चौकापर्यंत आणि परत. तारा आता तेवढ्याच उरल्यात. त्यानंतर गाडी संग्रहालयात जाणार आणि तारा भंगारात. चालवायला ह्यांना बोलावलं आहे.

हे म्हणाले, "माझा गुडघा दुखतो."

"कुठला, काका?"

ह्यांनी उजवा दाखवला. मुलगी जायला निघाली तेव्हा उठले ते डावा धरून.

ती गेल्यावर मी म्हटलं, "खरं काय ते सांगा." तर म्हणाले, "सात नंबरला ड्रायव्हर एकटा पुरत नाही. मागे दोर धरणारा लागतो."

"डेपोत कंडक्टर आहेत की."

"तिकिटं फाडणारे आहेत. दोर धरणारा कुठाय?" असं म्हणून पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

हे तू नातवंडं कळती झाली की त्यांना वाचून दाखवशील, म्हणून त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. मुलांनो, ट्रॉलीबस म्हणजे विजेवर चालणारी बस. तिच्या डोक्यावर दोन लांब दांडे, रस्त्यावर दोन तारा, आणि दांड्यांची टोकं तारांना टेकलेली. वळणावर जरा जोरात गेलं की दांडे तारेवरून निसटायचे आणि गाडी जागच्या जागी मुकी व्हायची. मग कंडक्टरने मागे उतरायचं, दांड्यांना बांधलेले दोर ओढायचे आणि वर बघत बघत टोकं पुन्हा तारेवर बसवायची. तुमचे आजोबा हे काम असं करायचे की प्रवाशांची बोलणीसुद्धा तुटायची नाहीत. दोन्ही दांडे एका दमात. आणि आमचे हे असे चालवायचे की गिरणीच्या वळणावर, जिथे प्रत्येकाचे दांडे निसटायचे, तिथे सबंध नोकरीत ह्यांचे एकदाही निसटले नाहीत. पदक असतं तर दारावर लावलं असतं. पदक नव्हतं, म्हणून नुसतेच सांगत सुटायचे.

टिल्लू, तुला घंटी आठवते? माझी मॅट्रिकची परीक्षा होती आणि तेव्हा तू चड्डीत होतास. ट्रॉलीबस आवाज न करता यायची, म्हणून माझी रोज चुकायची. मग एक दिवस आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती घण घण वाजायला लागली. रस्त्यात ना माणूस, ना कुत्रं. तूच येऊन बाबांना म्हणालास, "तो ड्रायव्हर उगाच घंटी वाजवतो." बाबांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "उगाच नाही वाजवत." परीक्षा संपली त्या दिवशीही वाजली, तेव्हा बाबा बूट घालून डेपोत चौकशीला गेले. देवाची योजना. मी पास झाले ती त्या घंटीमुळे, आणि पुढचं शिकले नाही तेही त्याच घंटीमुळे.

लग्नानंतर फॅमिली पास मिळाला आणि पुढे तूही कंडक्टर लागलास, तेव्हाचे हिवाळे तर मी विसरूच शकत नाही. घरी शेगडी पेटवण्यापेक्षा सात नंबरमध्ये बसलेलं परवडायचं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली हीटर होता. मी वाटाण्याच्या शेंगा घेऊन चढायची. शेंगा सोलून झाल्या की माळ काढायची. पुढे हे, मागे तू, मध्ये देवाचं नाव. तू ड्युटीवर ह्यांना कधी 'दाजी' म्हणाला नाहीस, 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचास. आणि हे तुला 'मास्तर'. घरी येऊन पायातले बूट काढले की मग दाजी आणि टिल्ल्या.

तर सारांश. तुझ्याशिवाय हे चालवणार नाहीत. चालवलं नाही तर गाडीबरोबर ह्यांचंही संग्रहालय होईल, कारण गेली तीन वर्षं हे खिडकीत बसून जाणाऱ्या बसगाड्यांचे गिअर ऐकतात आणि चुकीचा पडला की कण्हतात. मी फोन करणार होते, पण फोन कोपऱ्यावरच्या दुकानात आहे आणि आपण बोलायला लागलो की दुकानदार वजन करायचं थांबवतो.

ह्यांनी तुझी आवर्जून आठवण काढली आहे. पंधराच्या आत ये.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. या खेपेला तिकीट बरोबर होतं, त्याबद्दल आभारी आहे. मजकूर मात्र एका ओळीचा: "दाजींनी आपल्या हाताने दोन शब्द लिहिले तर येतो." एवढ्या मोठ्या कार्डावर एक ओळ. बाकीची जागा वाया. खाली निदान प्रकृतीचं तरी लिहायचंस.

आता खरं लिहिते. ह्यांनी तुझी आठवण आवर्जून काढली नव्हती. ती मी काढली. ह्यांच्या तोंडी तुझं नाव येत नाही. अगदीच गरज पडली तर 'तुझा भाऊ' म्हणतात, तेही मी चोरलेली वस्तू परत करतेय असं बघून. खोटं लिहिल्याबद्दल मी त्याच संध्याकाळी देवाजवळ बसून क्षमा मागितली आहे, तेव्हा तू वेगळी मागायला लावू नकोस.

पण टिल्लू, मला एक कळत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात तू माइकवर ती गोष्ट सांगितलीस, सगळा हॉल हसला, मोठ्या साहेबांना ठसका लागला, आणि हे त्या रात्रीपासून तुझ्याशी बोलले नाहीत. मला वाटायचं, बायकोच्या भावाने चारचौघांत हसं केलं याचा राग. म्हणजे पुरुषांचा नेहमीचा. आठवड्याने जाईल, महिन्याने जाईल म्हणत राहिले. तेवढ्यात तू भाचीकडे राहायला गेलास आणि मग दोघांनाही सोयीचं झालं.

परवा मी मुद्दाम विषय काढला. हे खुर्चीत बसून बुटाला पॉलिश करत होते. निवृत्त माणूस बुटाला पॉलिश कशाला करतो, हे मी विचारलं नाही. (इंजिनीअर मुलगी म्हणते, काका रोज डेपोत 'टायर बघायला' येतात. घरी मला 'भाजी बघायला' जातो सांगतात. भाजी येत नाही.)

मी म्हटलं, "ती गोष्ट एवढी कसली लागली तुम्हाला? घडली ती घडली. खोटं तर नव्हतं बोलला तो."

हे म्हणाले, "खोटं नव्हतं."

"मग?"

"अर्धं होतं."

आणि मग ब्रश हातातच धरून मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तीस-पस्तीस वर्षं संसार केला, तुमच्या दोघांचे डबे भरले, आणि ही गोष्ट मला अर्धीच माहीत होती!

मला माहीत होतं ते एवढंच, जे तू माइकवर सांगितलंस. तुमच्या मार्गावरच्या तारा उतरवल्या, सात नंबर बंद झाली आणि तुम्हाला डिझेलची बस मिळाली. पहिलाच दिवस. पोस्टासमोर पुढची बस बिघडून उभी. तर ह्यांनी आपली गाडी तिच्यामागे नेऊन लावली, हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसले. कारण ट्रॉलीबस ट्रॉलीबसला ओलांडून जाऊ शकत नाही. दोघींची तार एकच. आयुष्यभर पुढचीच्या मागे थांबायची सवय. डोक्यावर दांडे नाहीत, रस्ता मोकळा, बाजूने हत्ती जाईल एवढी जागा, आणि हे आपले थांबलेत! शेवटी भाजीची टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "ड्रायव्हरदादा, बाजूने न्यायला काय शपथ घातलीय का कोणी?" इथे तू थांबलास आणि हॉल हसला. मीसुद्धा हसले होते. हे मला आठवतं आणि बरं वाटत नाही.

तू जे सांगितलं नाहीस ते हे. हे हाताची घडी घालून बसले होते तेव्हा तू काय करत होतास? तू मागच्या दाराने उतरलास. पुढच्या बसच्या मागे गेलास. आणि तिचे दांडे खाली ओढून आपल्या गाडीला वाट करून द्यावी म्हणून वर हात करून दोर शोधत उभा राहिलास! डिझेलच्या बसचे दोर! त्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला म्हणे, "मास्तर, आभाळात काय हरवलंय?"

हे सांगताना ह्यांना हसू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्यावरून. ब्रशसुद्धा हातातून पडला. मग लगेच गंभीर झाले आणि म्हणाले, "आम्ही दोघं मूर्ख ठरलो होतो. दोघं. त्या दिवशी घरी येताना रस्ताभर हसलो. मला तो दिवस वाईट कधी वाटलाच नाही, कारण मागे हा होता. आणि त्या हॉलमध्ये ह्याने मला एकट्याला तिथे उभं केलं."

मी पडलेला ब्रश उचलला. बुटाला लागलेलं जास्तीचं पॉलिश पुसून घेतलं.

तर ह्यांच्या हातचे दोन शब्द मिळणार नाहीत. आता तूच मला उत्तर दे. आपली अर्धी गोष्ट तू का गिळलीस?

तुझी ताई

ता. क. पुरुषी मोजे ह्यांच्या कपाटात ठेवले. न बोलता घातले. कोणी पाठवले, विचारलं नाही. डाव्याला भोक पडायला आलंय, म्हणजे रोज घालतात.


२ मार्च

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चांगलं चार पानी. भाचीला सांग, बापाला कागद पुरव.

पण कारण वाचून मी कपाळावर हात मारला. व्याही! पहिल्या रांगेत भाचीचे होणारे सासू-सासरे बसले होते, लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि पोरीचा बाप भर रस्त्यात आभाळाकडे हात करून दोर शोधत होता हे त्यांना कळलं तर काय म्हणतील, म्हणून ऐन वेळी तू गोष्ट मध्येच तोडलीस. वा रे वा. व्याह्यांसमोर तुझी शोभा नको, दाजींची चालते! आणि तू लिहितोस की ते व्याही आता तुझ्याबरोबर रोज पत्ते खेळतात आणि पत्त्यांत लबाडी करतात. अशा माणसांना घाबरून तू तीन वर्षं घालवलीस.

तू लिहिलंयस, "ताई, मला वाटलं दाजींना कळलंसुद्धा नसेल. मला वाटलं ते गोष्टीवर रागावलेत, म्हणून मी जितका गप्प बसेन तितकं बरं." दोघंही तारेला न टेकता नुसते लोंबत राहिलात झालं.

ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. वेळ अशी निवडली की हे दाढी करत होते. गालाला साबण, हातात वस्तरा. उठून जाता येत नाही. व्याह्यांपाशी आले तेव्हा वस्तरा थांबला. म्हणाले, "तो पहिल्या रांगेतला जाडा माणूस? मी समजलो पगारखात्यातला." मग पुन्हा दाढी सुरू. पत्र संपलं. हनुवटी झाली. तोंड धुतलं. टॉवेल जागेवर ठेवला, हे विशेष. आणि मग खिडकीकडे बघून म्हणाले:

"दोर नवा घातलाय त्या पोरीने. नायलॉनचा. हाताला कापतो."

मी म्हटलं, "बरं."

"जुने कातडी हातमोजे असतील कोणाकडे तर घेऊन यायला सांग."

"कोणाला सांगू?"

"ज्याच्याकडे असतील त्याला."

टिल्लू, हे ह्यांच्या हातचे दोन शब्द समज. याहून जास्त लिहून मिळायचे नाहीत. लग्नाची मागणी घालायला हे स्वतः आले तेव्हाही बाबांना म्हणाले होते, "त्या गल्लीत स्टॉप हवा." बाबांना आधी कळलंच नव्हतं, तक्रार घेऊन आलाय असं वाटलं.

आता व्यवस्था. शनिवारी सकाळच्या गाडीने निघ, म्हणजे संध्याकाळपर्यंत पोचशील. दुसऱ्या वर्गाचं काढ, पहिल्या वर्गातले लोकही त्याच वेळी पोचतात. युनिफॉर्मची पँट आण, पण घालून बघू नकोस, उगाच खचशील. मी इथे शिवण उसवून देते. ह्यांची मी कालच उसवली. पँटमध्ये मागे जेवढं कापड आत दुमडलेलं होतं तेवढं सगळं लागलं. टोपी ह्यांच्याकडे दोन आहेत. अंथरूण पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. घोरलास तर हे भिंतीवर ठोकतील, तेवढं संभाषण तरी होईल.

आणि हातमोजे विसरू नकोस. बाकी सगळं विसरलास तरी चालेल.

तुझी ताई


१८ मार्च

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास, भाचीने कळवलं. देवाची कृपा. तू गेल्यावर घरात सापडलेल्या तुझ्या वस्तू: चष्म्याचं घर (आत चष्मा नाही, म्हणजे तो डोळ्यांवर गेला असावा), एक मोजा, आणि अर्धा वापरलेला दाढीचा साबण. साबण परत पाठवायला टपालखर्च साबणापेक्षा जास्त येतो, म्हणून तो आम्ही संपवतो. बाकी पाठवते.

रविवारचं सगळं मी लिहिणार नाही. तू तिथे होतास, ते लिहून शाई का घालवू? पण तू मागे होतास. मी नेहमीच्या जागी, ह्यांच्या मागच्या सीटवर. तेव्हा पुढच्या बाजूचं तुला जे दिसलं नाही तेवढंच लिहिते.

शनिवारी संध्याकाळी तू रिक्षातून उतरलास तेव्हा हे दाराशी 'सहज' उभे होते असं तुला वाटलं ना? दुपारपासून सहज उभे होते. तीनदा कोपऱ्यावर जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, "कोणी यायचंय का?" तर म्हणाले, "हवा खातोय." आणि तू समोर आल्यावर म्हणाले काय? "हातमोजे?" तू खिशातून काढून दाखवलेस. संपलं! मी आत चहा टाकत होते. तीन वर्षांचं भांडण असं मिटताना ऐकून मला चहात साखर दुसऱ्यांदा घालायचं सुचलं. तुम्ही दोघांनी तो तसाच गोड पाक तळापर्यंत प्यायला.

रविवारी गाडी निघाली. खालून तोच आवाज, गुंऽऽ, जणू कोणी दार लावून घेऊन गातंय. गाडीत शाळेची मुलं, जुने कामगार, इंजिनीअर मुलगी कॅमेरा घेऊन उभी. गिरणीच्या वळणाशी आलो तेव्हा ह्यांनी पेडलवरून पाय असा अलगद उचलला की वाटावं मांडीवर मूल झोपलंय. गाडी वळली. तारेवर चूं झालं, बस. मागून तू दोनदा बेल मारलीस, शाबासकीची. ह्यांची मान एवढी ताठ झाली की टोपी छताला लागली असती.

मग परत फिरताना तू पोरांसमोर उभा राहून पोस्टासमोरची गोष्ट काढलीस. मी माळ हातात घेतली. तू हाताच्या घडीपाशी आलास, टोपलीवाल्या बाईपाशी आलास, मुलं हसली. आणि तू म्हणालास, "थांबा, हसू नका एवढ्यात. त्याच्याहून मोठा गाढव तर गोष्टीत पुढेच आहे. तो मी." मग आभाळाकडे हात केलेस आणि दोर शोधायला लागलास, चालत्या गाडीत, टोपी मागे पडेपर्यंत. मुलं तर लोळलीच. इंजिनीअर मुलीबरोबरचा एक म्हातारा मेकॅनिक डोळे पुसत होता.

ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. ड्रायव्हर वळत नाही. पण ह्यांचे खांदे हलत होते, आणि काच पुसायचा पिवळा फडका ह्यांनी एकदा डोळ्यांना लावला आणि मग, आपण काच पुसतोय असं दाखवायला, कोरड्या काचेवरून फिरवला. आरशात बघितलं, त्यात तू होतास.

आणि पुन्हा गिरणीचं वळण आलं.

आता नीट वाच. धाडकन आवाज झाला, दांडे निसटले, हवेत डोलायला लागले, गाडी मुकी झाली. तू मागून ओरडलास, "काय हे ड्रायव्हरसाहेब! गिरणीचं वळण विसरलात? म्हातारे झालात!" सगळी गाडी हसली. तू हातमोजे चढवून धावलास. धावलास म्हणजे, निघालास. वर बघत, दोर धरून, एक पाय मागे टेकून, दोन्ही दांडे एका दमात. टक, टक. दिवे लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या मुलीने फोटो काढला, आणि तू टोपी काढून असा वाकलास जणू तारा तूच शोधून काढल्या आहेत. संध्याकाळभर तेच चाललं. "दाजी, तुमचं पदक गेलं!" हे म्हणत होते, "गेलं बाबा. वय झालं."

टिल्लू, मी ह्यांच्या मागे बसले होते. जाताना पाय उचललेला मी पाहिला होता. येताना उचलला नाही. उलट दाबला.

तू खाली उतरलास तेव्हा मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "पाय उचलला नाहीत."

"कुठला पाय?"

"उजवा. गुडघा दुखतो तो."

हे आरशातून मागे बघत होते. तू दोर ओढत होतास. म्हणाले, "तो एवढ्या लांबून काय तिकिटं फाडायला आलाय?" टोपी नीट करून म्हणाले, "ही शेवटची तार आहे. उद्यापासून कोणाचेच निसटणार नाहीत." आणि मग, "त्याला बोलू नकोस."

मी हो म्हणाले नाही. माझ्या हातात माळ होती आणि माळ हातात असताना मी बोलत नाही, हे ह्यांना माहीत आहे. मी मान हलवली असं ह्यांना वाटलं असेल तर गाडी हलत असावी. दांड्यांना काही इजा झाली नाही ना, तेही मी नंतर त्या मुलीला विचारून घेतलं. काही नाही झालं. ती नुसती हसली. तिलाही पाय दिसला होता की काय, कोण जाणे.

ह्यांनी न सांगता ठेवलं म्हणून मीही गप्प बसणार होते. पण स्टेशनवर निघताना तू म्हणालास, "ताई, दाजींचे दांडे निसटल्याची गोष्ट आता व्याह्यांना पत्ते खेळताना सांगतो बघ." तेव्हापासून मला चैन नाही. पुन्हा एक अर्धी गोष्ट तुझ्याबरोबर त्याच गाडीने जातेय असं वाटायला लागलं. म्हणून बाकीची अर्धी मागाहून पाठवते.

आता सांगायची तर कशी सांगायची, हे तुझं तू ठरव. पूर्ण सांगितलीस तर व्याह्यांना कळेल तुझे दाजी कोण आहेत. अर्धीच सांगितलीस तर ह्यांची इच्छा पाळल्यासारखं होईल, आणि या खेपेला हे रागावणार नाहीत, कारण अर्धी ह्यांनीच ठेवली आहे. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, मला जमत नाही. मी हिशेबाची बाई. अर्धं लिहिलं की माझी वही जुळत नाही.

हे आत्ता खिडकीत बसलेत. खालून बस गेली, गिअर चुकीचा पडला, आणि हे कण्हले नाहीत. "नवीन असेल बिचारा," म्हणाले.

तर व्याह्यांना काय सांगितलंस, आणि ते काय म्हणाले, ते उलट टपाली कळव. पाकिटावर तिकीट पूर्ण लाव. आणि कागद दुसऱ्या बाजूनेही लिही.

तुझी ताई